घरभाड्याला सरकारी मदत : पण घर कुठे आहे?

(नागरी गृहनिर्माणाच्या प्रश्नावरील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मसुदा)



संयोजकांनी ‘घरभाड्याला सरकारी मदत’ हा विषय मला सुचविला, तेव्हा प्रथम माझ्या मनात आले ते हे की, अशी मदत मी स्वतः तीसहून अधिक वर्षे घेत आलो आहे. अनुदानित महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून रुजू झाल्यापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझ्या वेतनपत्रकावर ‘घरभाडे भत्ता’ नावाची एक ओळ होती. ती रक्कम सरकारी तिजोरीतून येई. मी खरोखर भाडे भरतो की नाही, हे विचारायला कोणी आले नाही. पुढे कर्ज काढून मी स्वतःचे घर घेतले, तरी ती ओळ तशीच राहिली. केंद्र सरकारच्या नोकरांचा हा भत्ता २०२४च्या जानेवारीपासून मोठ्या शहरांत मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला. खासगी कंपन्यांतील पगारदारांना जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर प्राप्तिकराची सूट मिळते, हीदेखील अप्रत्यक्ष सरकारी मदतच होय. याला खिरापत म्हटल्याचे मी कधी ऐकले नाही.

आता ज्यांच्याजवळ वेतनपत्रकच नाही त्यांचा विचार करा. इमारतीचा पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा मजूर यांना ही ओळ कोठून मिळणार? भाडे मात्र त्यांनाही द्यावेच लागते, आणि मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर आपल्यापेक्षा जास्त. तेव्हा सरकारने घरभाड्याला मदत करावी की करू नये, हा वाद मी येथे घालणार नाही. ते ती करीतच आहे. ती कोणाला करते आणि कोणत्या रूपाने करते, एवढाच प्रश्न उरतो.

गरिबांसाठी ही मदत कोणत्या रूपाने द्यावी याविषयी आपल्याकडे एक कल्पना काही वर्षांपासून घोळते आहे. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१५ साली राष्ट्रीय नागरी भाडे-गृहनिर्माण धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ‘रेंटल व्हाऊचर’चा उल्लेख आहे. सरकारने घरे बांधून भाड्याने देण्याच्या भानगडीत पडू नये. गरजू कुटुंबाच्या हाती भाड्याच्या काही हिश्श्याचे व्हाऊचर द्यावे आणि त्याने बाजारात जाऊन आपले घर आपण शोधावे, असा या कल्पनेचा गाभा आहे. ती अमेरिकेतून आली आहे आणि तेथे तिला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. एखाद्या धोरणाची परीक्षा पाहायला पन्नास वर्षांचा काळ लहान नव्हे. म्हणून थोडा वेळ आपण अमेरिकेत जाऊ.

महामंदीच्या काळात, १९३७ साली, तेथे सार्वजनिक गृहनिर्माणाचा कायदा झाला. स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणे स्थापन झाली, त्यांनी घरे बांधली आणि ती अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना भाड्याने दिली. १९६९ साली या घरांचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर जाऊ नये असा दंडक घातला गेला. दंडक न्याय्य होता. परंतु त्यामुळे प्राधिकरणांची भाड्याची आवक घटली, ती भरून काढण्याइतकी मदत वेळेवर आली नाही आणि दुरुस्त्या रखडल्या. मग पडक्या इमारतींची छायाचित्रे दाखवून ‘सरकारला घरमालक होता येत नाही’ असा निष्कर्ष काढण्यात आला. १९७३च्या जानेवारीत निक्सन सरकारने नव्या गृहनिर्माण साहाय्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी, फोर्ड अध्यक्ष असताना, जुन्या १९३७च्या कायद्यातच एक कलम नव्याने लिहिले गेले : कलम आठ. आजही तेथील सामान्य माणूस भाड्याच्या मदतीला ‘सेक्शन एट’ म्हणूनच ओळखतो. १९८१ साली कुटुंबाचा हिस्सा २५वरून ३० टक्क्यांवर नेला गेला आणि १९८३पासून व्हाऊचरचा प्रयोग सुरू झाला. १९९८ साली तर सार्वजनिक घरांची संख्या यापुढे वाढू नये अशीच तरतूद करण्यात आली. बांधणारे सरकार हळूहळू बिल भरणारे सरकार झाले.

व्यवहार असा चालतो. समजा, एका कुटुंबाचे वजावटी जाता मासिक उत्पन्न १५०० डॉलर आहे. त्याने ३० टक्के, म्हणजे ४५० डॉलर भरायचे. घराचे भाडे १६०० डॉलर असेल तर उरलेले ११५० प्राधिकरण थेट मालकाला देते. मात्र भाड्याला एक मर्यादा असते. त्या भागात नुकत्याच भाड्याने गेलेल्या घरांची भाडी चढत्या क्रमाने मांडली, तर सुमारे चाळिसाव्या टक्क्यावर जे भाडे येईल त्याच्या आसपास ही मर्यादा ठेवतात. प्राधिकरणाचा माणूस येऊन घर तपासतो. नळ, खिडक्या, विजेच्या तारा पाहतो. मालक प्राधिकरणाशी करार करतो. कागदावर हे सगळे नेटके आहे, आणि सुमारे तेवीस लाख कुटुंबे आज या मदतीने राहत आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, ही मदत हक्क नाही. तेथील काँग्रेस दरवर्षी जेवढा पैसा मंजूर करील तेवढीच व्हाऊचरे. ज्यांना भाड्याची सरकारी मदत मिळण्यास पात्र समजले जाते अशा चार कुटुंबांपैकी साधारण एकाच कुटुंबाला ती कोणत्या ना कोणत्या रूपाने मिळते. बाकीची प्रतीक्षायादीत असतात, आणि यादीच बंद असेल तर तिच्यातही नसतात. याउलट, गृहकर्जाच्या व्याजावर मिळणारी करसवलत मात्र नियमात बसणाऱ्या प्रत्येक मालकाला मिळते, तिला रांग नाही. (आपल्याकडे याहून काही निराळे आहे असे कोणी समजू नये.)

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती मला पुस्तकातून नव्हे, तर एका वाचनालयात समजली. माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे काही महिने मुक्काम असताना मी रोज सकाळी तेथील सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रे वाचायला जात असे. शेजारच्या टेबलाशी पन्नाशीची एक कृष्णवर्णीय बाई वही घेऊन बसे. ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून रात्रपाळी करी आणि सकाळी वाचनालयाच्या संगणकावर घरे शोधी. ओळख झाल्यावर तिने सांगितले की, सात वर्षे यादीत राहिल्यावर तिला व्हाऊचर मिळाले आहे, परंतु साठ दिवसांत घर मिळाले नाही तर ते परत जाईल. मुदतवाढ मागता येते; देणे न देणे त्यांच्या हाती. वहीत तिने प्रत्येक फोनची नोंद ठेवली होती. मी पाहिले तेव्हा एकेचाळीस नोंदी होत्या. अमुक तारखेला, अमुक रस्ता, भाडे अमुक, आणि शेवटच्या रकान्यात उत्तर : ‘गेले’, ‘गेले’, ‘फोन करतो म्हणाले’, ‘गेले’.

त्या वहीतील एक पत्ता माझ्या ओळखीचा निघाला. ते घर आपल्याच एका गृहस्थाचे. तेथील मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आम्ही एका पंगतीला बसलो होतो. मी सहज विषय काढला. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, पैसे वेळेवर येतात, हे खरे. पण तपासणीची कटकट असते. आणि ती मंडळी एकदा आली की चांगले भाडेकरू निघून जातात.” मी म्हटले, “न्यू जर्सीत तर अशा कारणाने नकार द्यायला कायद्याने बंदी आहे ना?” ते हसून म्हणाले, “म्हणून तर घर गेले असे सांगायचे.” त्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते म्हणून मी पुढे बोललो नाही. ती माझी चूक झाली.

ही एका बाईची कहाणी म्हणून सोडून देण्याजोगी नाही. व्हाऊचर हाती आलेल्या शंभर कुटुंबांपैकी मोठ्या महानगरांत १९९३च्या सुमारास ८१ कुटुंबांना घर मिळत असे. २००० साली तो आकडा ६९वर आला आणि २०१९च्या सुमाराच्या अभ्यासात सुमारे ६०वर. म्हणजे वर्षानुवर्षे वाट पाहून मदत मिळालेल्यांपैकीही शंभरांतील चाळीस जण ती न वापरताच परत करतात! अर्बन इन्स्टिट्यूटने २०१८ साली पाच शहरांत घरमालकांना फोन करून पाहिले. फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के आणि लॉस एंजेलिसमध्ये ७६ टक्के मालकांनी व्हाऊचर नाकारले. वॉशिंग्टनमध्ये १५ टक्क्यांनी आणि न्यूअर्कमध्ये ३१ टक्क्यांनी. पहिल्या दोन शहरांत त्या वेळी अशा नकाराला कायद्याची बंदी नव्हती, नंतरच्या दोहोंत होती. तेव्हा कायद्याने फरक पडतो, हे उघड आहे. परंतु फिलाडेल्फियातही अशी बंदी होती आणि तरीही तेथे ६७ टक्के मालकांनी नकार दिला. कायदा असणे आणि कायदा कोणीतरी राबविणे यांत केवढे अंतर आहे, ते आपल्याला तरी निराळे सांगायला नको.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अशा मदतीने भाडी वाढतात, हा डाव्या मंडळींचा आवडता आक्षेप आहे. सत्तरीच्या दशकात विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे आणि इंडियानातील साउथ बेंड येथे याची प्रत्यक्ष चाचणी घेण्यात आली. पात्र असलेल्या सर्वांना भत्ता देऊन पाहिला. भाडी विशेष वाढली नाहीत. पण ती मध्यम आकाराची आणि घरांची फारशी चणचण नसलेली गावे होती. स्कॉट सूसिन यांनी २००२ साली नव्वद मोठ्या महानगरांचा अभ्यास केला, तेव्हा मदत न मिळालेल्या गरीब कुटुंबांना या व्हाऊचरांपायी सरासरी १६ टक्के जास्त भाडे द्यावे लागते, असे त्यांना दिसून आले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. घरे मोकळी पडलेली असतील तेथे हाती दिलेल्या पैशाने घर मिळते. घरे नसतील तेथे तो पैसा भाड्यात जिरतो. आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. १९९४पासून पाच शहरांत काही कुटुंबांना गरीब वस्ती सोडून जाण्यासाठी व्हाऊचरे देण्यात आली. तेरा वर्षांखालील ज्या मुलांची कुटुंबे अशी हलली, त्यांची मोठेपणीची कमाई इतरांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक भरली, असे राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले. तेव्हा व्हाऊचर ही टाकाऊ वस्तू आहे असे मी म्हणत नाही. दार उघडले तर तिचा उपयोग मोठा आहे. दार उघडण्याचा अधिकार मात्र ती भाडेकरूला देत नाही, तो मालकाकडेच राहतो.

आता आपल्या घरी येऊ.

मी गिरगावातील चाळीत वाढलो. खोलीचे भाडे महिना अकरा रुपये काही आणे होते, आणि वडील ते पहिल्या तारखेला मेहताजीकडे नेऊन देत. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठविली, त्यामुळे माझ्यासारख्यांची शिक्षणे झाली. हे ऋण मी नाकारीत नाही. परंतु या कायद्याने एका सामाजिक कार्याचा सगळा भार पन्नास वर्षे खासगी मालकाच्या खिशावर टाकला आणि श्रेय मात्र सरकारने घेतले, हेही म्हटले पाहिजे. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने पागडी घेतली, आणि १९६९ साली इमारती दुरुस्त करायला सरकारला मंडळ नेमावे लागले. नवी घरे भाड्यासाठी बांधणे हळूहळू थांबले. १९६१ साली देशातील नागरी कुटुंबांपैकी सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११च्या जनगणनेत ती २७ टक्क्यांच्या आसपास उरली. त्याच जनगणनेत शहरांतून एक कोटी दहा लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी सरकारच्या तज्ज्ञगटाने नागरी घरांची तूट एक कोटी ८८ लाखांच्या घरात दाखविली, आणि तीतली ९५ टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतली होती. रिकामे घर आणि घर नसलेले कुटुंब एकाच शहरात आहेत. तरी त्यांची गाठ पडत नाही.

व्हाऊचराने ती पडेल का? मुंबईत धारावी, गोवंडी, मालवणी, कोठेही जाऊन पाहा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची मिळकत १८ हजार धरा. अमेरिकेच्या हिशेबाने त्याने ५४०० भरावेत. खोलीचे भाडे ८ हजार असेल तर सरकारने २६०० द्यावेत. गणित सोपे आहे. पण ते २६०० कोणाच्या खात्यावर जमा करायचे? त्या खोलीचा जो मालक म्हणवतो, त्याच्याजवळ जमिनीचा कागद नाही. १९९९च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. झोपडपट्टीतील मालक असा करार करून स्वतःविरुद्ध पुरावा कशाला निर्माण करील? भाडेकरू म्हणून नोंद झाली तर उद्या पुनर्वसनात तोच हक्क सांगेल, ही भीती त्याला असतेच. म्हणून दर अकरा महिन्यांनी खोली बदलायला लावतात. म्हणजे ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, तो या व्यवस्थेच्या कागदात बसतच नाही. बसतो तो पक्क्या इमारतीत, नोंदलेल्या करारावर राहणारा, म्हणजे पुन्हा बहुधा आपल्यासारखाच. शिवाय डिपॉझिट आणि दलालाची दलाली आधी मोजावी लागते, ती व्हाऊचरात नसते.

समजा, तो पक्क्या इमारतीच्या दाराशी पोहोचला. तेथे त्याला प्रथम भाड्याची ऐपत विचारत नाहीत, आडनाव विचारतात. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची चौकशी करून पाहिली. दलितांना, आणि त्याहूनही मुसलमानांना, सवर्ण हिंदूंपेक्षा कितीतरी अधिक नकार मिळाले, हे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. ती चौकशी मुंबई-पुण्यात केली असती तर निष्कर्ष वेगळे आले असते, असे ही सभा म्हणेल असे मला वाटत नाही. ‘फॅमिलीवाले हवेत’, ‘शाकाहारी हवेत’, ‘सोसायटी परवानगी देत नाही’ ही आपली ‘गेले’ची भाषांतरे आहेत. त्या वाचनालयातील बाईला निदान तक्रार करायला कायदा तरी होता. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरार कायदा राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असू नये, ही चांगली तरतूद आहे. जात वा धर्म पाहून घर नाकारणाऱ्या मालकाविषयी मात्र त्यात एक अक्षर नाही.

मग सरकारने स्वतः भाड्याची घरे बांधावीत, असे म्हटले की लोक हसतात. पण हे शहर तसे नव्हते. १९२०च्या सुमारास लॉइड यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात मुंबईत विकास विभाग स्थापन झाला आणि त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. आपण त्यांना बीडीडी चाळी म्हणतो. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसविला होता. म्हणजे कापसावर ज्या शहराची भरभराट झाली, तेथे कामगारांच्या घरांचा पैसाही कापसावरच बसविला गेला. १६० चौरस फुटांच्या त्या खोल्या आरंभी गैरसोयीच्या आणि महाग ठरल्या, कित्येक रिकाम्या पडल्या, वरळीच्या चाळींचा काही काळ तुरुंगही झाला; परकीय सरकारच्या त्या कामाचे मी गोडवे गात नाही. तथापि त्या सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या खोल्या होत्या आणि पुढे त्यांत तीन-चार पिढ्या राहिल्या. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांना ती घरे मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे, ते त्यांनी भोगलेल्या दिवसांचे फळ आहे. पण ही घरे मालकीची आहेत. उद्या साताऱ्याहून किंवा आझमगडहून कामाला आलेल्या माणसाला देण्यासाठी सरकारजवळ त्या जागी एकही खोली शिल्लक राहणार नाही, याची चर्चा मी कोठे वाचली नाही.

भाड्यासाठी म्हणून जे नव्याने बांधले, त्याचे काय झाले? २००८ साली एमएमआरडीएने भाड्याच्या घरांची योजना आणली. विकासकाला वाढीव चटईक्षेत्र दिले, त्याने बदल्यात १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून द्यायच्या. काही वर्षांतच योजनेचा सूर बदलला. काही घरे संक्रमण शिबिरे झाली, काही दोन-दोन जोडून गिरणी कामगारांच्या सोडतीत विकली गेली. टाळेबंदीत मजूर रस्त्याने चालत निघाले तेव्हा, २०२०च्या जुलैत, केंद्राने परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना जाहीर केली. जुन्या योजनांतील रिकामी सरकारी घरे २५ वर्षांसाठी चालवायला द्यायची होती. त्यांतली जेमतेम काही हजार घरेच भाड्याने गेली. २०२४च्या नव्या पंतप्रधान आवास योजनेत पुन्हा भाड्याच्या घरांचा एक घटक आहे. तो मागच्यासारखाच जाऊ नये असे वाटत असेल तर आधी काही गोष्टी मागाव्या लागतील. सार्वजनिक पैशाने वा सार्वजनिक चटईक्षेत्राने बांधलेले भाड्याचे घर कधीही विकता येणार नाही, असे कायद्यात लिहिले पाहिजे. भाड्याची मदत द्यायचीच तर ती सोडतीने नव्हे, हक्काने दिली पाहिजे आणि आधी या सार्वजनिक घरांत राहणाऱ्यांना. जात, धर्म किंवा मदतीचा कागद पाहून नकार देणाऱ्या मालकाला दंड झाला पाहिजे, आणि दलालालाही. पैसा कोठून आणणार, असा प्रश्न मला येथे विचारला जाईलच. माझ्या वेतनपत्रकातल्या त्या ओळीला तो कोठून आला, हे मी त्या वेळी विचारू.

आपल्या महानगर प्रदेशात सार्वजनिक संस्थांच्या मालकीची किती घरे आज कुलूप लावून रिकामी आहेत, कोठे आहेत आणि किती वर्षांपासून आहेत, याची वॉर्डवार यादी मागणारे एक निवेदन मी लिहून आणले आहे. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. प्रश्नोत्तरे झाल्यावर जाताना ते वाचावे आणि पटले तर सही करावी. सहीपुढे आपण भाड्याने राहता की मालकीच्या घरात, हेही लिहावे.